गुलाबी पावती

एकतीस वर्षं पांढरं नेसले.
रक्त थंड पाण्यात काढायचं, मीठ चोळून,
आयोडिनवर लिंबू,
आणि जेन्शनचा जांभळा डाग जात नाही,
त्याच्याशी भांडू नये.
एवढं कपड्यांचं शास्त्र मला उपकेंद्रानं शिकवलं.

पण ही कोशाची होती, मोहफुलासारखी फिकट.
निवृत्तीच्या कार्यक्रमाला हीच नेसायची, ठरलेलं.
आणि भाचीच्या साक्षगंधात
पदरावर सांबारवडीचं तेल.

नागभीडला, बसस्टँडसमोर, हिमालय ड्रायक्लीनर्स.
विनायक लांजेवारनं पदर उजेडात धरला,
डॉक्टर एक्स-रे धरतात तसा.
"कोशाले पानी लागाले नाई पायजे, सिस्टर.
मशीनचं काम हाय, नागपूरले पाठवा लागते.
मंगळवारी घेऊन जाजा."
एकशे ऐंशी रुपये आगाऊ. गुलाबी पावती,
नंबर दोनशे सहा.

मंगळवारी नागपूरची गाडी आली नव्हती.
शुक्रवारी गाडी आली, गठ्ठा आला नव्हता.
पुढच्या मंगळवारी गठ्ठा आला,
त्यात कुणाचा तरी कोट, नंबर दोनशे साठ.
"पोरानं आकडे उलटे लावले जी.
तवरक हा ठेवता का?"
कोट मी ठेवला नाही.
एकदा शटरच बंद, वर खडूनं 'आत्ता येतो'.
त्या आत्ताखाली दीड तास उभी राहिले,
सावली माझ्या चपलेतून निघून
पानठेल्यापर्यंत गेली.

अर्ध्या तिकिटात जाऊन-येऊन चाळीस रुपये.
खेपांचा हिशेब पावतीच्या मागे लिहीत गेले.
पुढच्या बाजूला छापलेलं होतं:
तीस दिवसांत माल न नेल्यास
मालक जबाबदार राहणार नाही.
न दिल्यास काय, ते छापलेलं नव्हतं.

कार्यक्रम झाला. पांढरीच नेसले.
सरपंच म्हणाले, बाईंची राहणी बघा किती साधी.
टाळ्या झाल्या.

एकेचाळिसाव्या दिवशी दुकानातल्या बाकावर बसले
आणि उठले नाही.
"उद्या येजा ना सिस्टर, उद्या पक्कं."
मी त्याला म्हटलं,
नाही, म्हटलं नाही, तोंडापर्यंत आलं होतं फक्त:
विनायक, तुझी थोरली पायाळू.
बायको माहेरी, आमच्या गावात,
आणि तू रात्री दोनला धानाच्या बांधावरून
टॉर्च हलवत आलास.
"चाला ना सिस्टर," एवढंच येत होतं तुला बोलता.
मी उद्या येजा म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात वाऱ्यानं आतला पडदा सरकला.
मागचं अंगण. प्लास्टिकचा टब, रिठ्याचा फेस,
लुगडं गुडघ्याशी खोचून बसलेली त्याची आई,
आणि तारेवर, दोन सतरंज्यांच्या मधे,
दोनशे सहा.

ठिबकत होती.

मी आत गेले. चिमटे काढले.
म्हातारीनं हात लुगड्याला पुसले,
जरा लाजून म्हणाली,
"नागपूर म्हंजे मीच नं माय."
तिच्या बोटांना भेगा होत्या, मी बघितल्या,
सवयीनं मलम सांगितलं.
मागून विनायक धावत:
"सिस्टर, पावती? पावतीबिगर माल देता येत नाई."
दिली.
मागचा हिशेब त्यानं वाचला की नाही कोण जाणे,
तारेत खुपसून टाकली, बाकीच्यांवर.

चारच्या गाडीत ओला गोळा मांडीवर.
कंडक्टर म्हणाला, बाई, सीट भिजते,
काय आहे त्यात?
ड्रायक्लीन, मी म्हटलं.

घरी उलगडली. डाग होता तिथेच होता,
ओल्या कापडात जरा जास्तच ठसठशीत.
दांडीवर टाकली, वाळू दिली रात्रभर.
सकाळी वाटीत दोन चमचे बेसन काढलं,
चष्मा पुसला,
आणि पदर मांडीवर घेऊन
ओसरीत उजेडाला बसले.